शपथेचं कबुतर

माझी वहिनी निनमू भित्री नव्हती. उलट मीच तिला दबकून असायचे. गिरसू गावच्या देवळाला कबुतरं पुरवणारं आमचं घर. बाजारात कुणी तिच्या पाखरांना हडकुळं म्हटलं की ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. अशी पांढरी, माणसाळलेली कबुतरं साऱ्या गावात नव्हती, आणि तिथंच घात झाला.

आमच्या गावाचं आणि शेजारच्या उम्मावाल्यांचं भांडण पणजोबांच्या वेळचं. मधलं काळंभोर रान आम्ही म्हणतो आमच्या देवाचं, ते म्हणतात त्यांच्या देवाचं. त्यात मेला कालवा येतो वरून, त्यांच्या हद्दीतून. त्यांनी पाणी वळवलं की आमचा सातू करपलाच. मग भाले निघायचे. त्या वर्षी ते हरले, आणि त्यांच्या राजाला सीमेच्या चरावर शपथ घ्यावी लागली: पुन्हा पाणी अडवणार नाही, सीमेचा दगड हलवणार नाही, शब्द मोडला तर सगळ्या देवांच्या राजाचं, एनलिलचं, जाळं माझ्या गावावर पडो. ही शपथ एनलिलच्या गावी, निप्पूरला, न्यायला दोन कबुतरं लागतात. पुजारी आमच्याकडे आला.

वहिनीने स्वतः त्यांच्या डोळ्यांत काजळ घातलं, डोक्याला देवदाराचं तेल चोळलं. पाखरं सोडली तेव्हा उम्मावालेसुद्धा माना वर करून बघत होते.

आम्ही दुपारी घरी आलो, तर त्यातलं एक आमच्या घराच्या धाब्यावर दाणे टिपत होतं. दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

जन्मापासून इथंच वाढलेलं पाखरू, ते निप्पूरला कशाला जाईल? पण आमची कबुतरं देवळात जायची ती कापायलाच. परत यायचा प्रश्न कधी आलाच नव्हता.

"वहिनी, पुजाऱ्याला सांगू या," मी म्हणाले.

"काय सांगशील? शपथ पोचलीच नाही म्हणून? उद्या पुन्हा भाले निघतील, आणि तुझा भाऊ त्यात असेल. गप बस."

तिने काजळ पुसायला घेतलं, ते आणखीच पसरलं. तेलाचा वास तर जाता जाईना. शेजारीण घागर घेऊन येताना दिसली, तशी वहिनीने पाखराची मान मुरगळली.

माझा भाऊ शुबुर चर खणून भुकेला आला. लढाई संपली म्हणून स्वारी खुशीत होती. कांदा घालून केलेलं ते कबुतर त्याने एकट्यानेच संपवलं. "आज वास झकास आलाय हं," म्हणाला.

पुढची तीन वर्षं दारावर थाप पडली की आम्ही आधी फटीतून बघायचो. कालव्याचं पाणी बोटभर उतरलं तरी वहिनी धावत बघून यायची. उरलेली कबुतरं तिने विकून टाकली. बाजारात कुणी काही बोललं तर मान खाली घालून निघून यायची. मला तर तिचा ओरडा परत ऐकावासा वाटायचा.

परवा कालवा कोरडा पडला. उम्मावाल्यांनी सीमेचा दगड उपटून आगीत घालून फोडला. शुबुर ढाल न्यायला घरी आला तो हसतच.

"आपल्याला कसली भीती? शपथ त्यांनी मोडलीय. देवाचं जाळं पडणार ते त्यांच्यावर. मी नायकाच्या मागे लागून पहिल्या रांगेत जागा मागून घेतली."

"मागच्या रांगेत राहा," वहिनी म्हणाली.

"का गं? एवढी भित्री कधीपासून झालीस?"

मग तिने सगळं सांगितलं. तिचं तोंड दाबायला हवं होतं की मीच आधी सांगायला हवं होतं, मला अजून कळत नाही.

शुबुरने ढाल भिंतीला टेकवली आणि खाली बसला. त्याचा हात पोटावर गेला. "मी खाल्लं ते?" त्याने हळू विचारलं. वहिनीने हो म्हणून मान हलवली.

बाहेर नावं पुकारायला सुरुवात झाली. तो उठला, पुन्हा खाली बसला. चार लेकरांचा बाप, पण तोंड पांढरंफटक पडलेलं.

"मग मी आता कुठल्या रांगेत उभा राहू?" तो म्हणाला.

बाहेर नायकाने त्याचं नाव घेतलं, पहिल्या रांगेतलं.