"त्या असा विचार करत नाहीत"

स्टेजवर सगळ्यांना खुर्च्या होत्या. माझ्या मायला चटई टाकली.

"फोटोत छान दिसतं. मातीतली माणसं," संस्थेच्या मॅडम म्हणाल्या. मॅडम पुण्याच्या. हॉल बुलढाण्यातला. पाहुणे केनियाचे, बोलिव्हियाचे. आमच्या उंद्रीकडच्या गायरानावर आम्ही बौद्धवाड्यातल्या बायांनी जे केलं, ते दुसऱ्या देशांनीही घ्यावं, जगाच्या धोरणात जावं, म्हणून ही बैठक. निदान आम्हाला तसं सांगितलं होतं.

केलं काय होतं? उघड्या पडलेल्या माळावर गुरं सोडणं बंद. गवत वाढू द्यायचं, कापून न्यायचं, वाटे सारखे. पण पहिला वाटा विधवेचा. हा नियम मायनं घातला. त्यापायी तिनं गावातल्या बड्या शेतकऱ्याच्या गड्यांच्या काठ्या खाल्ल्या. "आता तू आमाले कायदा शिकवतं काय, महारणी?" मारताना ते हेच म्हणत होते. तिचा डावा हात आजही वर जात नाही.

मॅडमच्या पडद्यावर काठ्या नव्हत्या. संस्थेनं बायांना कसं घडवलं, ते होतं.

केनियाच्या एक बाई उठल्या. मायकडे बघून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "आधी विधवेला, हे तुम्हाला कसं सुचलं?"

मॅडम मायकडे वळल्यासुद्धा नाहीत. हसून इंग्रजीत म्हणाल्या, "त्या असा विचार करत नाहीत. त्यांच्यात ते उपजतच असतं."

पुढच्या रांगेतले साहेब लोक हसले. त्यांना हसताना बघून मायही हसली.

ते मला सहन झालं नाही. मी स्टेजखाली, तिच्या पुढ्यातच बसले होते. चिखलीच्या कॉलेजात शिकलेली, सगळं कळत होतं. मायनं वाकून मला विचारलं, "काय म्हनली व ते?"

खोटं सांगता आलं असतं. मी खरं सांगितलं.

तिचं हसू गेलं. "मंग मले काऊन आनलं इथं? बजारात गाय दाखवाले आनते तसं?"

मी स्टेजवर चढले. तिला हाताला धरून उठवलं. माइक घेतला.

"खाली उतर," मॅडम दात आवळून म्हणाल्या. "तुमची भाषा पाहुण्यांना कळणार नाही."

जशी मॅडमची मराठी त्यांना कळत होती!

केनियाच्या बाईंना मी मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "प्रश्न माझ्या आईला होता. उत्तर तीच देईल."

माय बोलली. "माहा नवरा मेला तवा गावानं मले गवताची काडी नाही उचलू देली. शेळी उपाशी मेली. तवाच ठरवलं, माह्या हाती आलं तं पयला वाटा तिचा, जिले कोनी नाही. हा इचार मी केला. माह्या डोक्यानं."

मी ते इंग्रजीत सांगत होते आणि मध्येच मॅडमनी माइक बंद करायला लावला. उरलेलं मी ओरडून सांगितलं.

जिन्यात मॅडमनी गाठलं. "तुमच्या लोकांना वर बसवलं की हे असं होतं."

"वर कुठं? चटईवर," मी म्हणाले.

आम्ही एसटीनं परतलो. गायरानाच्या कुंपणाला संस्था पैसे देत होती, ते तिनं बंद केले. हे कळताच बड्या शेतकऱ्यानं गायरानात गुरं घातली. एका दुपारीत कापणीला आलेलं गवत तुडवलं गेलं. आम्ही विळे घेऊन आडव्या झालो, तेव्हा कुठं गुरं मागे फिरली.

नियम आमचा आहे. जगाला पाहिजे असेल तर जगानं गायरानात यावं, मायसमोर बसावं, तिलाच विचारावं. तिच्या वतीनं कोणी बोलू लागला, तर मी त्याचं बोलणं पहिल्याच शब्दाला तोडणार. मग तो पुण्याचा असो की परदेशाचा.