दुधाचा हार्मोन आणि सकाळची गोळी

अंगातला पुरुषी हार्मोन कमी पडला म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू झाली तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती, पण अंगात असा जोर आला की उलव्याची एखादी टेकडी खांद्यावर टाकून मी आमच्या सुकापूरला आणली असती. आणली नाही, कारण सुकापुरात आता टेकडी ठेवायला जागा कुठे उरलीय? असा मी, आणि तिसऱ्या महिन्याच्या रक्ततपासणीत प्रोलॅक्टिन भलतंच वाढलेलं निघालं.

"बाळंतिणीला दूध आणणारा हार्मोन तो," पनवेलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुरुषांतही थोडा असतो."

बायको शेजारीच बसली होती. "बरं झालं," ती म्हणाली, "तबेलेवाल्याचं दूध हल्ली पातलच येतंय."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "टेस्टोस्टेरॉनचं अंगात थोडं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचा हार्मोन होतं, त्यानं हे जरासं वाढू शकतं. पण हे जरासं नाही. पुन्हा तपासू. तेव्हाही वाढलेलं असलं तर मेंदूचा एमआरआय. पिट्युटरी ग्रंथीवर गाठ नाही ना, ते बघावं लागेल."

गाठ म्हटल्यावर माझी टेकडी खुर्चीखाली गडगडली.

"दुसरं कुठलं औषध चालू आहे?"

"एकही नाही," मी छातीवर हात ठेवून म्हणालो.

"आन ती सकालची गोली?" बायको.

"ती औषध हाय का? ती ॲसिडिटीची."

आमच्याकडे औषध म्हणजे डॉक्टर लिहून देतात ते. ॲसिडिटीची गोळी साखरेच्या डब्याशेजारी राहते, चहाआधी पोटात जाते, आणि पाहुण्यालाही पाण्याच्या तांब्यासोबत विचारली जाते. गेली चार वर्षं मी ती रोज घेत होतो.

बायकोने पर्समधून पाकीट काढलं. डॉक्टरीणबाईंनी मागची बारीक अक्षरं वाचली. "डोम्पेरिडोन. यानं प्रोलॅक्टिन वाढतं. ही बंद करा, आठवड्यानं पुन्हा रक्त द्या."

तो आठवडा मी मऊ भातावर आणि देवाच्या नावावर काढला. मग रिपोर्ट आला. आकडा जागेवर. एमआरआय नको, म्हणाल्या.

त्याच दुपारी भाच्याच्या हळदीत तीन माणसांचं मटण एकटा जेवलो. छातीत अशी आग पेटली की तिच्यावर गावाच्या भाकऱ्या भाजून निघाल्या असत्या. बायकोने विचारलं, "गोली देऊ?"

"औषध नको," मी म्हणालो, आणि मजेत जळत बसलो.