वर्धा-वैनगंगेच्या संगमावर म्हैस शोधताना

आष्टीला एसटीतून उतरले तेव्हा खांद्यावर ड्रोनची पेटी होती आणि पर्समध्ये पोलीस आणि वनखात्याची परवानगी. तीही एकाच दिवसाची. भूगोल शिकवून निवृत्त झाल्यापासून मला हा नाद लागलाय, नद्यांचे संगम वरून टिपायचा. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा भेटतात आणि प्राणहिता होऊन पुढे जातात. तो फोटो मला हवा होता.

खानावळीत गरम भात आणि माशाचं कालवण मिळालं. "सांबार टाकू का?" मालकीणबाईंनी विचारलं. मी खुशीत रिकामी वाटी पुढे केली, तर त्यांनी चिमूटभर कोथिंबीर टाकली. (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.) दोघीही पोटभर हसलो.

काठावर मात्र वारा सुटला होता. दोन बॅटऱ्या त्याच्याशी झुंजण्यातच संपल्या. चारनंतर वारा पडला, ऊन कलतं झालं. शेवटची बॅटरी घालून ड्रोन वर सोडला, तोच एक बाई धापा टाकत आली.

"बाई, त्याच्यातून दूरचं दिसते का जी? माही म्हैस सकाळपासून दिसून नाई राह्यली. गाभण आहे. अन् वरतून धरणाचं पाणी सोडलं म्हणतात!"

ती वच्छलाबाई. तिची म्हैस रोज पोहत नदीतल्या बेटावर चरायला जायची. तिचा नवरा मारोतीभाऊ डोंगा (लाकडी होडी) घेऊन तयार होता. "झुडपं माणसाएवढी आहेत," तो म्हणाला. "कुठी शोधू?"

मी उन्हाकडे एकदा पाहिलं आणि ड्रोन बेटाकडे वळवला.

बराच वेळ नुसती झुडपं. मग पडद्यावर एक काळा ठिपका आला, आणि त्याला चिकटून एक लहान ठिपका.

"व्याली!" वच्छलाबाईनं माझा दंड घट्ट धरला. पाणी रेडकाच्या जागेपासून हातभरावर होतं.

मारोतीभाऊनं डोंगा हाकला. त्याला जागा कळावी म्हणून मी ड्रोन तिथेच उंचावर थांबवला. बॅटरी संपत आल्याचा इशारा वाजू लागला. परत बोलावला असता तर ड्रोन वाचला असता. मी बोलावला नाही. मारोतीभाऊ झुडपांतून रेडकापाशी पोचला आणि ड्रोन त्याच्याजवळच चिखलात उतरला.

थोड्या वेळानं डोंगा परतला. त्यात रेडकू आणि चिखलानं माखलेला ड्रोन शेजारी शेजारी, आणि मागून म्हशीचं डोकं, हंबरत पोहत येणारं. वच्छलाबाई कमरेएवढ्या पाण्यात धावली. मी मोबाइलनं एक फोटो काढला, थोडा हललेलाच.

रात्री तिच्याकडेच राहिले; सकाळी निघताना तिनं खरवस खाऊ घातला. "पुन्हा या जी बाई."

घरी बहिणीनं विचारलं, "संगम दाखव की!" मी तो हललेला फोटो पुढे केला. ती तो बघत बसली, आणि दोन नद्या कुठे आहेत हे विचारायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.