वास नसलेला सदरा

"वासच न्हाई तुमच्या सदऱ्याला!"

"मग? वास यावा म्हणून भांडून राहिलीस व्हय?"

"हाव, म्हणूनच! गोदामातून येता ना? मग उलीसा तरी आला पाहिजे का न्हाई?"

"शेठनं नवी मुखपट्टी दिली. आता काय लागत न्हाई अंगाला."

"मुखपट्टी तोंडाला असती. सदऱ्याला कशी?"

पंचाक्षरीनं चहाची बशी उचलली. ती खडखडली. त्यानं ती दोन्ही हातांनी धरली, जसं काही पहिल्यापासून तशीच धरायची होती. नागुबाईनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तो गेल्यावर मात्र तिनं कप हुंगला. दारूचाही वास नव्हता.

उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पंचाक्षरीला सगळे गोळीवाला म्हणायचे. तुरीच्या पोत्यांची थप्पी लागली की हा तिच्यावर ताडपत्री घालणार, आत कीड मारायच्या गोळ्या ठेवणार आणि कडेनं वाळूच्या लांब पिशव्या दाबणार. गोळ्यांच्या वाफेनं आठवडाभरात किडा मरायचा. त्या वाफेला लसणाचा वास. आणि घर लिंगायत स्वामींचं, लसूण उंबऱ्याच्या आत यायचा नाही! नागुबाई नवी नवरी असताना सासूनं तिचे डबे हुंगले होते, माहेरची पिशवी उपडी केली होती. मग एकदा लेकानं सदरा काढून सासूच्याच मांडीवर टाकला, तेव्हा चोर सापडला. तेव्हापासून त्याचे सदरे अंगणातल्या लिंबावर.

पण दिवाळीपासून सदरे धुतल्यासारखे कोरे. डोळे लाल. चालताना पाऊल चुकायचं. शेजारची ज्योत्स्ना तर बोललीच होती, "वैनी, गोदामातच जातेत ना आण्णा? का दुसरीकडंच?"

त्या दुपारी पापडाचा डबा काढायला नागुबाई माळ्यावर चढली आणि तिथंच थबकली. पंचाक्षरीच्या कामाच्या जुन्या दिव्याची पेटी हलकी लागली. उघडली तर रिकामी.

तो दिवा साधा नव्हता. ज्योतीवर तांब्याची चकती. हवा साफ असली की ज्योत फिकट राहायची, आणि जवळपास ब्रोमाईड गळत असलं की हिरवी व्हायची. ब्रोमाईड म्हणजे गोळ्यांच्या आधी वापरायचे तो लोखंडी बाटलीतला गॅस. किडा एका दिवसात मारायचा. त्याच्यावर बंदी आली तेव्हा पंचाक्षरी हैदराबादला ट्रेनिंगला जाऊन आला होता आणि जेवताना तिला हातवारे करून सांगत बसला होता, "तो गॅस वर जातो, लई वर. तिथं ऊन त्याला फोडतं अन् ब्रोमिन सुटतो. आपल्यावर ओझोनचं छत हाय, कडक ऊन अडवणारं. हा ब्रोमिन ते छतच खातो, पंगतीतला हावरा बघ. जेवला, हात धुतले, की परत पुढच्या पंगतीला हजर! स्वतः संपतच न्हाई. फ्रिजच्या गॅसातला क्लोरीन बी तसाच, पण ह्याच्यापुढं तो उपाशीच म्हणायचा."

"मग आता?"

"आता तो गॅस फक्त परदेशी जाणाऱ्या मालाला. आपल्या सगळ्या बाटल्या कंपनीच्या गाडीत चढवल्या, ह्या हातानं."

त्या दिवशी किती ताठ बसला होता तो ताटावर! गोळ्यांना तर हा दिवा लागतच नाही, म्हणून माळ्यावर गेला होता.

नागुबाईनं जेवणाचा डबा भरला आणि गोदाम गाठलं. बाहेर ट्रक उभे. मोठं दार अर्धं उघडं. आत मुखपट्टी लावलेला माणूस ताडपत्रीची कड उचलत होता आणि दुसऱ्या हातात, त्या थरथरत्या हातात, दिवा होता.

म्हणजे गोदामातच यायचा. तिचा जीव भांड्यात पडला. ती दोन पावलं आत गेली.

ज्योत हिरवीगार झाली.

"मागं सर!" तो मुखपट्टीतून ओरडला. "नागू, मागं सर! वास येत न्हाई त्याला!"

बोलला आणि जागीच थिजला. ती दारापर्यंत मागं सरली. डबा छातीशी धरलेला.

"कशाला वास येत न्हाई?"

तो दिवा घेऊन बाहेर आला. मुखपट्टी खाली केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"शेठच्या गाड्या खोळंबल्यात. गोळ्यांना आठवडा लागतो…"

"मी शेठचं न्हाई विचारलं. हात कशानं कापून राहिला तुमचा? पाऊल कशानं चुकतं? अन् मी येडी, दारू म्हणून कप हुंगत बसले!"

"थोडंच उरलंय, नागू. एकदा संपलं की…"

"उरलंय?" तिचा आवाज एकदम खाली आला. "नवी बाटली तर कोण देणार न्हाई ह्या तुरीला. सगळ्या बाटल्या गाडीत चढवल्या म्हणला होता. ह्या हातानं. मग ही कुठली उरली? तवाच दडवून ठेवली व्हय?"

दिव्याची ज्योत आता फिकट झाली होती. पंचाक्षरीनं ती विझवली, दिवा पायरीवर ठेवला आणि तिच्या बाजूनं, ट्रकांच्या मधून, पाऊल सांभाळत निघून गेला.