पालक म्हणून नको, पेशंट म्हणून

सोळा जुलै, सोमवार, सकाळचे अकरा. रक्कम तीन हजार आठशे रुपये, रोख. हजर माणसं तीन... मी, आई आणि माझी धाकटी बहीण छाया. पंचवीस वर्षांपूर्वीची ही नोंद, पण ती बघायला मला वही उघडावी लागत नाही. सात आठवड्यांपूर्वी देहूरोडच्या लष्करी डेपोतून जेवणाच्या सुटीत बाहेर आलो, गेटवर जमा केलेला मोबाइल परत घेतला, तर सात मिस्ड कॉल. सगळे छायाच्या यजमानांचे, प्रकाशरावांचे. फोन लावला. "दादा, छाया गेली," एवढंच ते म्हणाले. सकाळी लोणावळ्याला कामावर असतानाच डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. बावीस वर्षं ज्या हॉस्पिटलात तिने दुसऱ्यांच्या चादरी बदलल्या, तिथल्याच कॉटवर तिला ठेवलं होतं. आणि माझ्या मनात त्या क्षणी काय यावं? तिचा चेहरा आला नाही. आलं ते हे... तीन हजार आठशे, रोख, हजर तिघं.

वडील लवकर गेल्याने छायाच्या शिक्षणाचा निर्णय माझ्याकडे होता. नर्स व्हायचं हे तिने शाळेतच ठरवलेलं. बारावीनंतर समोर दोन जागा होत्या. एक दुसऱ्या जिल्ह्यातलं सरकारी प्रशिक्षण केंद्र, दीड वर्षाचं. तिथल्या यादीत तिचं नाव लागलं होतं. दुसरी कामशेतच्या आमच्या घरापासून लोकलने तीन स्टेशनांवर, एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर, वर्षभराचा कोर्स. आईला दमा होता, संध्याकाळी घरात कुणीतरी हवं होतं. मी कागदावर दोन रकाने आखले. प्रवास, राहणं, जेवण, फी, आणि सहा महिने आधी सुरू होणारा पगार. जवळची जागा जवळपास प्रत्येक ओळीत स्वस्त पडत होती. तरी फसवणूक नको म्हणून त्यांच्या पाटीवरचा नोंदणी क्रमांक उतरवून घेतला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पुण्याच्या नोंदणी कार्यालयात जाऊन तो तपासला. क्रमांक खरा होता. कारकुनाने फाइल काढून दाखवली. पण तो क्रमांक ती संस्था चालवणाऱ्या मंडळाचा होता. नर्सिंगच्या कोर्सला राज्याच्या नर्सिंग परिषदेची वेगळी मान्यता लागते, ती विचारायची असते, हे मला ठाऊकच नव्हतं. सरकारी यादीतली जागा सोडून इथली तीन हजार आठशेची फी भरताना छाया म्हणाली होती, "तू बगितलंयस न्हवं दादा? मग झालं."

तीन वर्षांनी आरोग्य सेविकेची भरती निघाली तेव्हा कळलं. खिडकीवरच्या बाईंनी तिचं प्रमाणपत्र उलटंपालटं करून विचारलं, "परिषदेचं रजिस्ट्रेशन कुठंय?" ते नव्हतंच. आम्ही तसेच किराणा दुकानाकडे गेलो. वरच्या मजल्यावर शिवणक्लास सुरू झाला होता. छाया जिन्यात पाच मिनिटं बसली, मग उठून म्हणाली, "चल, गाडी चुकंल." लोणावळ्याच्या त्या खासगी हॉस्पिटलात तिला काम मिळालं, पण हजेरीपटावर तिच्या नावापुढे 'आया' असं लागलं आणि ते शेवटपर्यंत बदललं नाही. पेशंट तिला सिस्टर म्हणायचे. लहान पोराची शीर सापडेना की डॉक्टर तिलाच हाक मारायचे. नव्या नव्या सर्टिफिकेटवाल्या मुली यायच्या, तिच्याकडून हात बसवून घ्यायच्या आणि पहिल्याच महिन्यात तिच्या दुप्पट पगार उचलायच्या. हे तिने मला कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही. गंमत म्हणून सांगायची. मला ती गंमत ऐकवत नसे. मी पंख्याचं बटण बघायचो, नाहीतर उठून पाणी प्यायला जायचो.

या वर्षी तिची मुलगी प्रज्ञा बारावी झाली आणि तिनेही नर्सिंगच घ्यायचं म्हटलं. प्रवेश परीक्षा झाली, मार्क बरे पडले. आता कॉलेजांचा पसंतीक्रम ऑनलाइन भरायचा होता; पहिली पसंती लागली की तीच घ्यावी लागते, मागे फिरता येत नाही. प्रकाशराव मळवलीला एका बंगल्याचे केअरटेकर, बंगल्यामागच्या दोन खोल्यांत त्यांचं घर. शनिवार-रविवार पाहुणे, एरवी बागेचं आणि टाकीचं काम, त्यामुळे धावपळ माझ्याकडे आली. या वेळी मी चुकणार नव्हतो. परिषदेच्या मान्यतेची यादी काढली, दोनदा ताडून पाहिली, आणि पुन्हा दोनच नावं उरली. लोकलने जाऊन-येऊन करता येईल असं एक खासगी कॉलेज, आणि एक सरकारी, दुसऱ्या जिल्ह्यात, वसतिगृहात राहून. दोन्ही रीतसर मान्य. मी तक्ता छापून नेला. छायाने तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

"लय झ्याक केलायस दादा. पन यात पेशंट कुटं हायत?"

"कसले पेशंट?"

"आरं, पोरगी हात कुनावर बसवनार? भित्तीवर?"

खासगी कॉलेजला जोडलेलं स्वतःचं हॉस्पिटल होतं, शंभर खाटांचं, असं माहितीपत्रकात छापलेलं. छायाने मला मंगळवारची रजा काढायला लावली. गेटवर मी कॉलेजच्या ऑफिसकडे वळलो तर तिने बाही धरून मला दुसरीकडे ओढलं. "पालक म्हनून नको. पालकाला चा पाजत्यात आन् इमारत दावत्यात. पेशंट म्हनून जाऊ." वीस रुपये देऊन तिने माझ्या नावाचा केसपेपर काढला. तक्रार, गुडघेदुखी. माझे गुडघे ठणठणीत आहेत. खोटं लिहून दिलेल्या कागदावर सही करताना मला घाम फुटला. ती म्हणाली, "लंगडत चल की जरा." आम्ही दहा ते बारा बाकावर बसलो. मोजायचं काम तिने मलाच दिलं. दोन तासांत अकरा पेशंट आले, मला धरून. वॉर्डात ती एकटी चक्कर मारून आली आणि बोटं दाखवून म्हणाली, "नऊ. बाकीच्या खाटांची पल्यास्टिकबी काडल्याली न्हाईत."

मग निळ्या गणवेशातली एक विद्यार्थिनी बीपी बघायला आली. असेल वीस वर्षांची, कपाळावर टिकली, चेहरा गोड. पट्टा बांधला, फुगा चारदा दाबला, कानाला नळी लावली आणि लगेच लिहून मोकळी झाली. "एकशेवीस, ऐंशी. नॉर्मल आहे काका."

छाया हसायलाच लागली. "बाय, माज्या दादाचं बीपी त्याच्या लग्नापासनं कदी एकशेवीस न्हाई आलं."

मुलगी आधी रागावली, मग रडवेली झाली. हळूच म्हणाली, "मावशी, मला त्यात काही ऐकूच येत नाही. सगळ्या असंच लिहितात." ती दुसऱ्या वर्षाला होती. छायाने तिला शेजारी बसवलं, तिची दोन बोटं धरून माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला ठेवली. "हितं. लागली का नाडी? आता नळीचं तोंड बरोबर हितं. फुगव... अजून... भिऊ नको, त्यो काय मरत न्हाई. आता सोड, हळू, लय हळू." ती मुलगी डोळे मिटून ऐकत होती. एकदम तिचा चेहरा उजळला. "येतंय मावशी! ठक ठक येतंय!" एकशेअठ्ठावन्न, शंभर. तिने आधीचा आकडा खोडून नवा लिहिला आणि छायाकडे बघत विचारलं, "मावशी, तुम्ही कुठल्या कॉलेजच्या?"

छाया पदर सारखा करत उठली. म्हणाली, "माजं कालेज लय भारी व्हतं. माज्या दादानं शोदल्यालं."

ती हसून म्हणाली. माझ्याकडे बघून हसली. टोमणा होता की कौतुक, की बावीस वर्षांच्या सवयीने मारलेली गंमत... मी विचारलं नाही. परतीच्या गाडीत आम्ही शेंगदाणे खाल्ले, वीस रुपयांचे. पुढच्या आठवड्यात सरकारी हॉस्पिटल बघायला जायचं ठरलं. "तितलं बगून मग ठरवू," ती म्हणाली. ती आमची शेवटची भेट. सोमवारी ती गेली. 'माज्या दादानं शोदल्यालं' हे वाक्य मी रोज निरनिराळ्या सुरात मनाशी म्हणून पाहतो. एकदाही पटत नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, जेवणं झाली आणि नातेवाईक प्रज्ञाच्या फॉर्मवर आले. मुदत संपायला चार दिवस होते. सगळ्यांचं मत एक होतं. प्रकाशराव बंगल्याच्या पायरीवर बसून जमिनीकडे बघत म्हणाले, "लांब कशाला दादा? घरात आता कोन हाय?" प्रज्ञाही म्हणाली, "जवळचंच टाकू मामा. पप्पांना स्वयंपाक येत नाही." घरात कुणीतरी हवं, जवळचं कॉलेज, मान्यतेचा कागद माझ्या हातात... मला तिथे बसवेना. मी प्रज्ञाला बाजूला नेलं आणि किराणा दुकानावरचं सगळं सांगितलं. क्रमांक, रजा, पुण्याची फाइल. आजवर तिला कुणी सांगितलं नसेल अशी माझी समजूत होती.

"मला माहितीये," ती म्हणाली. "आई सांगायची. मामाने नंबर बघितला, तो नंबर पण बिचारा खरा निघाला, असं म्हणून लय हसायची."

"रागावली नव्हती?"

"ते तिला विचारायचं ना मामा."

पोरगी बरोबर बोलली. मी म्हणालो, "ते दुसरं हॉस्पिटल तुझ्या आईने बघितलेलं नाही. तिचं मत काय झालं असतं, हे मी सांगणार नाही, मला माहीतही नाही. पण चारातला एक दिवस काढू आपण. बघून मग तू म्हणशील ते."

दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून गेलो. केसपेपर काढला, या वेळी तक्रार खरी लिहिली, ब्लडप्रेशर. माझ्यापुढे किती माणसं आहेत ते मोजायला लागलो, एकशेदहाच्या पुढे मोजणं सोडलं. तीन तास उभा होतो, नंबर लागलाच नाही. माणसं भिंतीला टेकून बसलेली, पोरं रडत होती, एक म्हातारा जमिनीवरच झोपला होता. हे चांगलं कसं म्हणायचं, मला कळेना. गर्दी म्हणजे शिक्षण नव्हे. इथे पोरगी शिकेल की नुसती दमेल, याला कुठला रकाना आखायचा? आणि प्रज्ञा कुठेच दिसत नव्हती. दीडच्या सुमारास ती जिन्यावरून खाली आली, उजवा हात डाव्या हाताने चोळत.

"कुठं होतीस?"

"वर बायकांच्या वॉर्डात. एक सिस्टर मला स्टुडंटच समजली. म्हणाली, ए, ही बाटली धर वर, स्टँड येईपर्यंत. एका आजीला सलाइन लावत होती. अर्धा तास धरली मामा. तिने मला शीर कशी बघायची ते दाखवलं, हात चालू, तोंड चालू. शेवटी म्हणते, कुठल्या बॅचची तू? मी म्हटलं, अजून फॉर्म भरायचाय." ती पहिल्यांदाच थोडी हसली. मग म्हणाली, "हेच टाकायचं. पप्पांना मी सांगते."

तिने सांगितलं. प्रकाशराव बराच वेळ पाइपने झाडांना पाणी घालत राहिले. मग विचारलं, "सुट्टीला यील ना ती?" पंधरा दिवसांनी येईल, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती, असं मी धरून चाललो आहे. गेल्या आठवड्यात मळवलीला गेलो तेव्हा ते वरण करत होते. हळद जास्त झाली होती.

पहिल्या फेरीतच नाव लागलं. प्रवेशाच्या दिवशी प्रज्ञा कागदपत्रं घेऊन खिडकीच्या रांगेत उभी राहिली, पैसे तिच्याच हातात दिले होते. कॉलेजची फी दोन हजार तीनशे दहा, वसतिगृहाची अनामत एक हजार, दोन्हींच्या पावत्या मिळाल्या. मेस कॉलेजची नव्हती; आवाराच्या मागे एक मावशी चालवतात, तिथे मी एकटाच गेलो. मावशी भाकरी थापत होत्या. महिन्याचे दोन हजार सहाशे, आगाऊ, असं सांगून त्यांनी पिठाच्या हाताने वही पुढे सरकवली. नाव लिहिलं, गाव लिहिलं.

"पोरीला सकाळचा चहा लागतो का? त्याचे तीनशे वेगळे."

प्रज्ञा उठल्यावर चहा घेते की दूध, की काहीच न घेता बाहेर पडते... अठरा वर्षांत मला कधी कळलं नव्हतं. जिला माहीत होतं तिला विचारता येत नव्हतं. मावशी तव्यावरची भाकरी उलटून माझ्याकडे बघत होत्या.

दोन हजार नऊशे दिले, मेसवाल्या मावशींना. चहासकट.