फ्लॅशच्या डोळ्यावरचं कुंकू

वहिनीचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या घरी ओट्याशी उभी राहून तालीम करत होते. संध्याकाळी घाटकोपरला जायचं, आजारी दादाच्या उशाशी बसायचं आणि एकदाचं सांगून टाकायचं. आदल्या रविवारीही याचसाठी गेले होते; पेज भरवली, डासांवर बोलले आणि परत आले. "मंगल, हे गेले गं," वहिनी म्हणाली... पाच आठवडे झाले. सांगायचं राहिलं ते राहिलंच.

माझा थोरला भाऊ लग्नांचे फोटो काढायचा आणि मी, एकोणीस वर्षांची शहाणी, त्याची मदतनीस. खांद्याला बॅग अडकवून मांडवात अशी मिरवायचे, जसं काही लग्न माझ्यामुळेच लागतंय. तेव्हा नवा ऑटो फ्लॅश आला होता. त्याच्या पुढ्यात वाटाण्याएवढा काचेचा डोळा. माणसावरून परतलेला उजेड तो मोजायचा आणि पुरेसा झाला की फ्लॅश थांबवायचा. मी म्हटलं, "झकास! आता डोकं लावायलाच नको." दादा म्हणाला, "तू नाहीतरी कधी लावतेस? ऑटो म्हणजे देव नाही, मंगे. पांढरा सूट दिसला की भुलतो, चेहरे काळे पाडतो. त्याला काय दिसतंय ते आपण बघायचं."

देव नाही म्हणे! कुर्ल्याच्या एका लग्नात मी त्याची पूजाच केली. दादाची पाठ वळल्यावर करवलीच्या ताटातलं कुंकू घेतलं, फ्लॅशवर छान गोल जागा दिसली, तिथे टिळा लावला. नेमका त्या डोळ्यावर. आंधळा झालेला फ्लॅश दर फोटोला सगळी ताकद ओतू लागला. "आज चार्ज व्हायला एवढा वेळ का घेतोय? सेल नवे आहेत ना?" दादाने दोनदा विचारलं. अंतरपाट धरला तेव्हा कुठे मला तो लाल ठिपका दिसला. ओढणीने पुसला आणि मूग गिळून उभी राहिले. तोवर गावाहून मुद्दाम आणलेल्या, थकलेल्या आजीने नवरीच्या तोंडावरून हात फिरवून झाला होता.

रोल धुऊन यायला चार दिवस. घास गिळेना, आईला वाटलं, पोरगी प्रेमात पडली. प्रिंट आल्या... आजीचा चेहरा चुना फासल्यासारखा, नाकडोळे काही नाहीत. दादाने प्रिंटकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग बॅग उचलून मला घेऊन थेट नवरीच्या घरी. "माप माझं चुकलं," तो म्हणाला. आजी दुसऱ्या दिवशी गावी निघणार होती. नवरी पुन्हा शालू नेसली, आजीने पुन्हा हात फिरवला. मी शेजारी, फ्लॅश धरून, अजूनही गप्पच.

त्यानंतर दर लग्नाआधी कुंकू दादाच लावायचा, फ्लॅशच्या पाठीवर. कधी हात न जोडणारा माणूस! मला वाटलं, धक्क्याने भाविक झाला. केवढी ती माझी अक्कल.

गेल्या आठवड्यात वहिनीने ती बॅग मला दिली. फ्लॅशच्या सेलचं झाकण उघडलं. त्या लग्नानंतर सेल तो मला कधी भरू द्यायचा नाही. झाकणाच्या आत चिकटपट्टीखाली पिवळा पडलेला कागद, अक्षर त्याचं: 'डोळा पुसणे. मंगीला बोलायचं नाही.'

म्हणजे तुला ठाऊक होतं, आणि पाठीवरचं कुंकू माझं बोट पुन्हा डोळ्याकडे जाऊ नये म्हणून! बोलला असतास तर निदान कडकडून भांडले तरी असते ना रे... फ्लॅश आता माझ्या देव्हाऱ्याशेजारी असतो. कुंकू पाठीवरच लावते. पण आधी डोळा पुसते.