अप्पांच्या नियमांचं बुद्धिबळ

आमच्या शेजारचा मल्लिनाथ एमएससीआयटीच्या क्लासात शिकवतो. पोरांना फाईल सेव्ह करायला शिकवणारा हा गडी बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहायला बसला, तेव्हा मी गल्लीभर सांगून आलो. नाहीतर शेजारी कशाला असतात?

याचं मूळ म्हणजे त्याचे वडील, सिद्धाप्पा. वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले, आणि पटावरचा जोडीदार गुरप्पा मुलाकडं वळसंगला राहायला गेलेला. अप्पा एसटीनं तिकडं खेळायला जायचे. दिवाळीनंतर बसमधून उतरताना पडले. "पुन्हा पडले तर खाटेवरच," असं डॉक्टरांनी बजावलं. मोबाईलवरचं बुद्धिबळ दिलं, तर अप्पांनी मोबाईलच भिरकावला. "पहिल्याच चालीला प्यादं दोन घरं पळवतंय. चोर हाय ह्यो!" अप्पांच्या देशी खेळात प्यादं एकच घर चालतं. म्हणून अप्पांच्या नियमांनी खेळणारा जोडीदार घरातच तयार करायचा, असा मल्लिनाथचा बेत.

सुरुवात भारी झाली. चौसष्ट घरांना त्यानं ओळीनं नंबर दिले, एक ओळ उजवीकडं संपली की पुढचा नंबर दुसऱ्या ओळीच्या डाव्या कडेला. पहिल्याच डावात उजव्या कडेचा घोडा उडाला तो थेट डाव्या कडेला उतरला.

"मल्लूशेठ, घोडा पृथ्वीप्रदक्षिणा करतोय की," मी म्हणालो. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. मग पटाभोवती जादा घरांची भिंत घातली, तेव्हा कुठं घोडा थांबला.

पण अप्पा थांबेनात. हरायला लागले की त्यांना नवा नियम आठवायचा.

"शह बसायच्या आधी राजाला एकदा घोड्यासारखं उडता येतंय."

"अप्पा, हे आधी का नाही सांगितलं?"

"तू इचारलास कवा?"

बिचाऱ्यानं तेही लिहिलं. पुढच्या रविवारी काय, तर हत्तीच्या रांगेत शेवटाला पोचलेलं प्यादं हत्तीच झालं पाहिजे. त्याच्या पुढच्या रविवारी, सांगितल्याशिवाय वजीर मारायचा नाही. एक नियम घातला की आधीचे दोन बिघडायचे, मल्लिनाथ डोकं धरून बसायचा आणि चाली तपासायला मला हाक. माझे चार रविवार गेले!

शेवटी प्रोग्राम सगळे नियम पाळून जिंकला. अप्पांनी स्क्रीनकडं बघितलं आणि काठी उचलली. "शह बसल्यावर बी राजा एकदा उडतोय. गुरप्पाला इचारून येतो."

"बसनं जायचं नाही!" मल्लिनाथ ओरडला आणि मलाच गाडी काढायला लावली. नियम एकदाचे कायमचे लिहून घेऊ म्हणाला.

वळसंगला गुरप्पा ऐकून हसले. "राजा दोनदा उडतोय. पहिल्यापासनं."

"कवापासनं? पन्नास वर्षं फसवलास व्हय मला?"

"मांड पट, दाखवतो."

पट मांडला गेला. मल्लिनाथ वही-पेन घेऊन तासभर बसला. पानभर खाडाखोड झाली. "मग मी प्रोग्रामात लिहू तरी काय?"

"आधी चहा सांग," अप्पा पटावरची नजर न काढता म्हणाले.

आता दर रविवारी अप्पांना वळसंगला न्यायचं ठरलंय. गाडी अर्थातच माझी.